अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मंडळीने काय घ्यावं? एअर बेड, कमोड खुर्ची आणि बाकीच्या साहित्याबद्दल स्पष्ट मत

ख्रिस्ती मंडळीने किंवा पॅरिशने, म्हणजे गावातल्या चर्चने, आजाऱ्यांना उसनं द्यायला साहित्य घ्यायचं ठरवलं की पहिली खरेदी बहुतेक वेळा चाकाच्या खुर्चीची होते. देणगी देणाऱ्याला ती लगेच समजते. पण आपल्या बेळगावात शहापूर-वडगावच्या बोळातल्या जुन्या घरात किंवा जांबोटीकडच्या कौलारू घरात ती उंबऱ्याशीच अडते, आणि आठवड्याभरात तिच्यावर कपडे वाळत पडतात. अर्धांगवायू झालेली, खुब्याचं हाड मोडलेली, वयाने थकलेली माणसं दिवसाचे बावीस तास पलंगावर असतात. त्यांना आधी जे लागतं ते पलंगावरच लागतं. म्हणून आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: हातात दहा हजार रुपये असतील तर पहिला एअर बेड घ्या, दुसरी कमोड खुर्ची, आणि उरलेल्या पैशांत उशा, हातमोजे, ब्लीचिंग पावडर. चाकाची खुर्ची पुढच्या वर्षी.

एअर बेड म्हणजे हवेची गादी आणि तिचा छोटा पंप. गादीत हवेचे दोन वेगळे संच असतात. एक फुगतो तेव्हा दुसरा उतरतो, आणि साधारण दहा मिनिटांनी उलट होतं. त्यामुळे शरीराचा एकच भाग सतत दाबला जात नाही. बाजारात दोन प्रकार मिळतात. फुगे-फुगे दिसणारा ‘बबल’ प्रकार साधारण दोन ते साडेतीन हजारांत येतो. आडव्या नळकांड्यांचा प्रकार त्याच्या दुपटीहून महाग पडतो. उसनवारीसाठी बबलच घ्यावा. नळकांड्यांची गादी जास्त चांगली, यात शंका नाही. पण एका महाग गादीपेक्षा दोन साध्या गाद्या दोन घरांत पोचतात. माणूस फार वजनदार असेल किंवा पाठीला आधीच खोल जखम असेल, तर मात्र बबल पुरत नाही. तिथे नर्सला विचारून मोठी गादी भाड्याने आणावी.

लावताना चुका होतात त्या नेहमीच्याच. एअर बेड नुसत्या फळ्यांवर किंवा लोखंडी पलंगाच्या पट्ट्यांवर टाकायचा नसतो. खाली निदान चार इंचाची कापसाची किंवा फोमची गादी हवी, एअर बेड तिच्यावर. फुग्यांची बाजू वर, नळ्या पायाकडे. पंप पायाकडच्या दांडीला टांगायचा, जमिनीवर ठेवायचा नाही. फरशी पुसताना पाणी आत जातं आणि पंप बसतो. दोन्ही टोकांच्या पट्ट्या खालच्या गादीखाली घट्ट खोचायच्या, नाहीतर माणूस हलला की गादी सरकते. नळ्या कुठे मुडपल्या नाहीत ना, ते हाताने चाचपून बघायचं. मग पंप सुरू करून अर्धा तास थांबायचं. गादी पूर्ण फुगल्याशिवाय माणसाला तिच्यावर झोपवू नये.

वरती एकच सुती चादर, सैल. इथे घरोघरी प्रेमापोटी चूक होते. ‘आजीला टोचेल’ म्हणून गादीवर वाकळ टाकली जाते, वाकळीवर रबराचं कापड, त्यावर आणखी चादर. वाकळ कितीही मऊ असली तरी तिच्या जाडीत हवेचा चढउतार मरून जातो, आणि रबराच्या कापडाने घाम साचतो. लघवीची भीती असेल तर कमरेखाली फक्त एक पातळ शोषून घेणारं पॅड ठेवावं आणि ओलं झालं की लगेच बदलावं.

पंपावरचं बटण वजनाप्रमाणे फिरवायचं असतं. घरचे लोक ते शेवटपर्यंत फिरवतात, कारण कडक गादी भरलेली वाटते. कडक गादी म्हणजे साधी फळीच. तपासायची रीत सोपी आहे: माणूस पाठीवर झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये, तळहात वर करून हात सरकवा. वर साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाताला थेट हाड लागलं तर हवा कमी आहे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि मग दर आठवड्याला करायला हवं.

आता विजेचं. पंपाला सात ते दहा वॉट लागतात. दहा धरले तरी महिनाभर रात्रंदिवस चालून 7.2 युनिट होतात. हे घरच्यांना आकड्यात सांगावं लागतं, कारण बिलाच्या धास्तीने रात्री पंप बंद करणारी घरं पुष्कळ असतात, आणि जखम रात्रीच होते. कर्नाटकातल्या मोफत विजेच्या ‘गृहज्योती’ योजनेची मर्यादा घराच्या जुन्या सरासरी वापरावर ठरलेली असल्याने या सात युनिटांचे पैसे एखाद्या घराला पडू शकतात. ते मंडळीने द्यावेत. रक्कम अगदी छोटी आहे. पावसाळ्यात खानापूरच्या रानभागात वीज तासन्‌तास जाते. वीज गेली की दोन्ही नळ्या दुमडून कपड्याच्या चिमट्यांनी घट्ट धरल्या तर हवा थोडा वेळ टिकते, पण तेवढ्यावर विसंबू नये. वीज नसताना दर दोन तासांनी कूस बदलणं आलंच. घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्यावर बिनदिक्कत चालतो.

आणि वीज असतानाही कूस बदलायचीच. एअर बेडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच की आता वळवायला नको. गादी दाब कमी करते, संपवत नाही. सूज आहे का, जेवण किती जातं, लघवीचा ओलावा किती, यावर किती तासांनी वळवायचं ते ठरतं. दोन ते तीन तास धरून चालावं. पूर्ण कुशीवर आडवं टाकू नये, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी लावून तीस अंशांएवढं कलतं ठेवावं, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पिंढऱ्यांखाली अशी एक उशी की टाचा हवेत राहतील. टाच कशालाच टेकता कामा नये. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस फाटतं. जुनं सुती लुगडं चौपदरी करून कमरेखाली घालावं आणि दोघांनी दोन्हीकडून उचलून सरकवावं. पलंगाचं डोकं खूप वेळ तीस अंशांपेक्षा वर ठेवलं तर माणूस खाली घसरत राहतो आणि माकडहाडापाशी तीच फाटाफूट होते. जेवताना मात्र ताठ बसवायचंच.

लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा होऊन परत लाल झाला तर वेळ आहे. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जांभळट छटा, गरमपणा, कडकपणा हाताने बघायचा. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, खवाटे, कोपर, डोक्याची मागची बाजू, आणि ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर कानामागची जागा. अशा डागाला तेल चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, पावडर भरायची नाही. मध्ये भोक असलेली रबरी रिंग तर कुणी देणगी दिली तरी घेऊ नये. तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो आणि मधला भाग सुजतो. कातडी सोलवटली, काळी पडली किंवा वास येऊ लागला की घरगुती उपाय थांबवून डॉक्टर.

पूर्वीचा पाण्याचा बेड अजून कुठे कुठे दान म्हणून येतो. जड, थंड, आणि फुटला की पलंगासकट सगळं भिजतं. नको.

कमोड खुर्चीचं मोल वेगळं आहे. बेडपॅनवर आडवं पडून शौच होत नाही, मग माणूस लाजेने जेवण कमी करतो, पाणी पीत नाही, आणि लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, चक्कर हे सगळं मागोमाग येतं. खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकले की अर्धा प्रश्न सुटतो. तीन ते चार हजारांत चांगली मिळते. घेताना तीन गोष्टी बघा: आसनाची उंची कमी-जास्त करता यावी, हाताची एक बाजू खाली किंवा बाजूला होणारी असावी, आणि चाकं असतील तर निदान दोन चाकांना ब्रेक असावा. चाकं नसली तरी चालतं, मग चारही पायांचे रबरी बूच दर महिन्याला तपासायचे. झिजलेलं बूच ओल्या शहाबादी फरशीवर साबणासारखं सरकतं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खालचं भांडं काढून तीच खुर्ची थेट वर ठेवता येते, म्हणून पायांमधलं अंतर आधी मोजून घ्या. रंग दिलेलं लोखंड एका पावसाळ्यात सांध्यापाशी गंजतं; थोडे जास्त देऊन स्टेनलेस घ्यावं.

भांड्यात आधीच पेलाभर पाणी घालून ठेवलं की धुवायला सोपं जातं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला खुर्चीवर घेताना खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, पलंगाला थोडी तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पाय जमिनीवर पूर्ण टेकवायचे, आणि कमरेला धरून उठवायचं. लुळ्या हाताला धरून कधी ओढू नका. खांदा सांध्यातून उतरतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो, हे माहीत नसल्याने किती जणांचं नुकसान होतं.

वॉकरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. बाकी रबरी बूच.

चाकाच्या खुर्चीला आमचा विरोध नाही, क्रमाला आहे. नेहमीच्या घडीच्या खुर्चीचं आसन अठरा इंच असतं, पण चाकांसकट रुंदी पंचवीस-सव्वीस इंच भरते. द्यायच्या आधी टेप घेऊन घरी जा आणि तीन दारं मोजा: खोलीचं, न्हाणीचं, बाहेरचं. उंबरा सहा इंच असेल तर सुरक्षित उतारासाठी फळी सहा फूट लांब लागते, कारण प्रमाण एकास बारा असतं. दोन फुटांची फळी टाकून उतरवणं धोक्याचं आहे. खुर्चीबरोबर बसायची उशी दिलीच पाहिजे; नुसत्या कापडावर तासभर बसलं तरी बसायच्या हाडांवर जखम सुरू होते. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून भार हलवायला शिकवा.

एक वस्तू मात्र कपाटात ठेवूच नका: चोचीचा कप. आडव्या माणसाला त्यातून पाजलं की डोकं मागे जातं आणि पाणी श्वासनळीत उतरतं. न्यूमोनियाचं हे साधं, नेहमीचं कारण. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, चमच्याने, एका वेळी अर्धा चमचा. पाण्याने ठसका लागत असेल तर पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा आंबील बरी जाते. खाल्ल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडाने भरवू नये.

साहित्य नेऊन दिलं, प्रार्थना केली, निघून आलो, असं करणाऱ्या समित्यांच्या गाद्या तिसऱ्या आठवड्यात गुंडाळून माळ्यावर गेलेल्या असतात. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवावा, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा. तेल-द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचा भाग आम्हाला जास्त कामाचा वाटतो: दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला. पैसे मोजून दिले आणि परत येण्याचं ठरवलं. उसनवारीच्या वहीत हेच दोन रकाने हवेत. दिल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी भेट, आठव्या दिवशी भेट, मग दर पंधरवड्याला. भेटीत प्रश्न ठरलेले: पंप रात्री चालू असतो का? हात घालून पाहिलं का? टाचा बघितल्या का? आणि सांभाळणारी व्यक्ती शेवटची सलग किती तास झोपली?

हा शेवटचा प्रश्न वगळू नका. सून, लेक किंवा स्वतः सत्तरीची बायको रात्रीत चार वेळा उठत असते. तिला सगळ्यात मोठी मदत म्हणजे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दोन तास कुणीतरी येऊन बसणं. बाजार करू दे, दवाखान्यात जाऊ दे, उपासनेला जाऊ दे, नाहीतर नुसती झोपू दे. जायचं ते दोघांनी. पॅरिसमध्ये 1833 साली सुरू झालेल्या संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेत घरभेटीला जोडीनेच जायची रीत आहे, ती सगळ्या मंडळ्यांनी घ्यावी. आजारी बाई असेल तर जोडीत निदान एक बाई. दार उघडं. पेन्शनचे पैसे, एटीएम कार्ड, दागिने यांना हात लावायचा नाही. कुठल्या कागदावर अंगठा घ्यायचा नाही. फोटो काढायचा नाही. घर कुठल्याही धर्माचं असो, मदतीला अट नाही. प्रार्थना करू का, हे विचारावं, आणि नको म्हटलं तर तेवढ्याच आपुलकीने पुढचं काम करावं.

आपल्या भागात भाषेचा विचार वेगळा करावा लागतो. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, सहावा अध्याय: पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली, तेव्हा सात जण नेमले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. बेळगावात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. मेंदूला झटका आलेल्या किंवा स्मृती गेलेल्या माणसाकडे बऱ्याचदा लहानपणची भाषाच उरते. म्हणून भेटीची जोडी ठरवताना अंतराआधी भाषा बघा. पंपाच्या सूचनाही घरच्यांच्या भाषेत एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

कागदपत्रांचंही तसंच. कर्नाटकात पासष्टीवरच्या गरजूंना संध्या सुरक्षा योजनेतून महिना 1200 रुपये मिळतात; अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या सरकारी कार्यालयात होतो, कन्नडमध्ये. मराठी वाचणाऱ्या म्हातारीला तो कोण समजावणार? आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला की अर्ज अडतो, तेव्हा भरायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघा. शिनोळीचा नाका ओलांडून चंदगडच्या गावात गेलात तर राज्य बदलतं, तिथे श्रावणबाळ योजना, महिना 1500. म्हणून पहिला प्रश्न ‘आधारवर पत्ता कुठला?’ आजारी माणूस बेळगावात लेकीकडे असतो आणि कागद कोल्हापूर जिल्ह्यातले असतात, असं इथे सर्रास होतं. सोबत कुणी नसलेल्या वृद्धांसाठी 14567 हा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे, तोही त्याच कागदावर लिहा.

साहित्य परत आणायची वेळ नाजूक असते. माणूस गेल्यावर आठवडा होत नाही तोच गादी मागायला फोन करू नये. घरच्यांचे दिवस-विधी उरकू द्यावेत, मग भेटायला म्हणून जावं. बहुतेक घरं आपणहूनच साहित्य बाहेर काढून देतात. आणल्यावर गादी साबणाच्या पाण्याने पुसून, मग ब्लीचिंगच्या सौम्य पाण्याने पुसून, पुन्हा साध्या पाण्याने पुसायची. उन्हात टाकायची नाही, प्लॅस्टिक कडक होऊन चिरतं, सावलीत वाळवायची. कमोडच्या भांड्याला एक लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे ब्लीचिंग पावडर, अर्धा तास भिजत, मग भरपूर पाणी; हे पाणी लोखंडी भागाला लागू देऊ नये. गादी फुगवून साबणाचा फेस लावला की भोक असेल तिथे बुडबुडा येतो. सेफ्टीपिन, बांगडी आणि उंदीर ही तीन कारणं. सोबत आलेलं ठिगळ आणि डिंक जपून ठेवलेला असेल तर दहा मिनिटांत बुजतं. मग पंप लावून गादी पूर्ण चोवीस तास फुगलेली राहते का, ते बघूनच घडी घालून कपाटात ठेवायची, आणि वहीत तारीख टाकायची.